भिंतीपलीकडचा बॉक्स

कुणाच्याही घरी नवीन इंटरनेट जोडायला गेलो की मी आधी मॉडेमचं खोकं उघडत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला विचारतो, जुनी केबल कुठून आली, कुठं गेली, मधे कुणी काय जोडलं. लोकांना वाटतं हा वेळ काढतोय. पण ही सवय मला चऱ्होलीच्या एका घरानं लावली, आणि ती लागायच्या आधी मी तिथं काय करून बसलो होतो ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे.

लिहायची मला सवय नाही. आठवीत असताना माझी शाळा सुटली. सोडली असं मी म्हणत नाही. गावात सातवीपर्यंतच वर्ग होते, आठवीसाठी पलीकडच्या गावी जावं लागायचं. त्या वर्षी आई आजारी पडली, मी चार महिने गेलो नाही, आणि गेलो तेव्हा बाकावर माझ्या जागी दुसरा बसलेला होता. मी दारातूनच परत आलो. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. आमच्याकडची पोरं चाकणला येतात तसाच मीही आलो. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागलो. तिथं सात महिने झाले की ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात आणि गरज वाटली तर परत बोलावतात. दुसऱ्या ब्रेकनंतर मला बोलावणं आलं नाही.

मेसमध्ये माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ जेवायचे. रत्नागिरीकडचे, केबलच्या लायनीत वीस-बावीस वर्षं काढलेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, शिडीची भीती वाटते का? वाटत होती. मी नाही म्हटलं. शिक्षण किती, हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

काम त्यांनीच शिकवलं. वायर कशी सोलायची, कनेक्टर कसा दाबायचा, सिग्नल मोजायचा मीटर कसा लावायचा. मॉडेमच्या आतलं एक पान मोबाइलवर उघडतं, त्यात सगळं इंग्रजी. मला वाचता येत नव्हतं, तर त्यांनी जागा पाठ करून घेतल्या. वरून तिसरी ओळ म्हणजे घरात येणारा सिग्नल, खाली दुसऱ्या चौकटीत आहे तो घरातून बाहेर जाणारा. आमचं इंटरनेट टीव्हीच्या केबलमधूनच येतं, पण त्याचं टीव्हीसारखं नसतं. टीव्हीला नुसतं यायचं असतं. इथं घराकडूनही परत जावं लागतं, आणि वाट खराब असली की बिचारा मॉडेम जोर वाढवत राहतो, जोर संपला की लाइन तुटते. त्याचा दिवा मग नुसता लुकलुकत बसतो. एवढं मला समजलं होतं. पण समजणं आणि घाईत तसं वागणं यात फरक असतो.

मला तेव्हा सारखी धास्ती असायची. कुणी इंग्रजी फॉर्म पुढं केला तर काय, साहेबांनी सगळ्यांसमोर काही वाचायला सांगितलं तर काय. आणि सगळ्यात जास्त धास्ती परत येणाऱ्या तक्रारीची. आमच्याकडं काम झालं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर एक कोड येतो. गिऱ्हाइकानं तो सांगितला, आम्ही फोनमध्ये टाकला, की काम बंद झालं. माणूस समाधानी आहे असा त्याचा अर्थ. पोरं म्हणायची, चहाला हो म्हणायच्या आधी कोड घे राव, चहा प्यायला की दिवा जातो. बंद झालेलं काम आठवड्याच्या आत पुन्हा उघडलं तर ते नावावर लागायचं. त्या महिन्यात माझ्या नावावर दोन लागलेली होती.

एका गुरुवारी दुपारी मी चऱ्होलीला गेलो. चऱ्होलीत आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोलेजंग सोसायट्या उभ्या आहेत, पण आत वळलं की जुनी गावठाणातली घरं लागतात. त्यातलंच एक. मुळात एकच मोठं घर असणार, पण अंगणाच्या मधोमध विटांची भिंत घातलेली, घराच्या आतूनही तीच भिंत पुढं गेलेली. ह्या बाजूनं तिला गिलावा केला होता. दार एका तिशीतल्या बाईंनी उघडलं. मी त्यांना ताई म्हणालो, त्या मला भाऊ म्हणाल्या. आतल्या खोलीत कॉटवर त्यांचे वडील होते. अण्णा. चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली होती. समजत सगळं होतं. आई पूर्वीच गेलेली, भावंडं नाहीत.

मॉडेम कुठं ठेवायचा ते दाखवता दाखवताच ताईंनी सांगितलं. त्या पिंपरीत एका विमा कंपनीत होत्या, अपघात झालेल्या गाड्यांचे फोन घ्यायचं काम. रजा सगळी संपली होती. ऑफिसनं घरून काम करायची एक संधी दिली होती. येत्या सोमवारी दहा ते सात पूर्ण शिफ्ट घरून करून दाखवायची, लाइन एकदा तुटली तर माफ, दुसऱ्यांदा तुटली तर दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला हजर. त्या गल्लीत तेव्हा आमच्याशिवाय दुसरी लाइन नव्हती आणि मोबाइलवर बोलणं व्हायचं, पण घरात नेट चालायचं नाही.

"मी ऑफिसला गेले तर यांना पाणी पाजायला माणूस नाही," त्या म्हणाल्या. "आणि नोकरी सोडली तर औषध नाही. म्हणून जरा नीट बघा, भाऊ."

मी हो म्हणालो. आणि नीट बघितलं नाही.

घरात टीव्हीची जुनी केबल होती, पुढच्या खोलीत भिंतीतून बाहेर आलेली. खांबावरून नवी वायर ओढायची तर दोन-तीन तास गेले असते आणि त्या दिवशी माझ्याकडं अजून चार कामं होती. मी जुन्यालाच मीटर लावला. सिग्नल पडलेला होता. का पडलाय हे शोधायला हवं होतं. मी पिशवीतून बूस्टर काढला आणि मधे लावून टाकला. बूस्टर काय करतो, आलेलं मोठं करतो, त्याच्याबरोबरचा कचरा, म्हणजे बाहेरून शिरलेले नको ते सिग्नल, तेही मोठे करतो, आणि घरातून जाणाऱ्याची वाट अडवून ठेवतो. मॉडेमनं सगळा जोर लावून कशीबशी लाइन धरली. दिवा स्थिर झाला. मी कोड मागितला. ताईंनी लगेच सांगितला. अण्णांनी डावा हात कपाळाला लावून मला नमस्कार केला, तो मी घेतला आणि निघालो.

आळंदीच्या रस्त्याला लागलो तोच फोन. दिवा लुकलुकतोय.

गाडी बाजूला घेतली. त्यांनी कंपनीला फोन केला असता तर तिसरी तक्रार नावावर लागून माझं काम गेलं असतं, आणि चूक तर माझीच होती. मी म्हटलं, ताई, तिकडं तक्रार नका टाकू, हा माझा नंबर आहे, मी उद्या सकाळी पहिला तुमच्याकडं येतो. त्या म्हणाल्या, या. त्यांच्या हातात चार दिवस होते आणि त्यातला एक त्यांनी अनोळखी माणसाच्या शब्दावर सोडून दिला. आज एवढी वर्षं काम केल्यावर मला कळतं, असं कुणी करत नाही.

शुक्रवारी सकाळी आठलाच गेलो. दारातच सांगून टाकलं, की काल मी कोड घ्यायला नको होता. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. त्या म्हणाल्या, "मलाही घाई होती. दिवा लागला, आता तुम्ही जावं आणि मी अण्णांचं आवरावं असं झालं होतं. बघा आता." एवढंच. चहा आधी दिला.

बूस्टर काढला. जुने कनेक्टर गंजून हिरवे पडले होते, ते सगळे कापून नवे लावले. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग खांबावर चढून मोजलं. तिथं सिग्नल चांगला. घरात वायर शिरते तिथं मोजलं. तिथंही चांगला. पुढच्या खोलीत भिंतीतून बाहेर येते तिथं मात्र पडलेला. म्हणजे ह्या बारा-पंधरा फुटांत कुठंतरी लाइन वाटली जात होती. उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, प्लास्टरमध्ये डोकं घालू नकोस, आधी माळ्यावर बघ.

स्वयंपाकघरावर पोटमाळा होता. पितळी भांडी, जुन्या गाद्या, एक पाळणा. भांड्यांच्या मागं काळ्या टेपनं गुंडाळलेली एक वस्तू सापडली. टेप सोडवली तर स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन करणारी डबी. एक वायर खाली पुढच्या खोलीत जात होती. दुसरी मधल्या भिंतीला भोक पाडून पलीकडं.

मी वरूनच विचारलं, पलीकडं कोण राहतं?

ताई शिडीखाली उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, काका. अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. मग थोडं थोडं करून सांगितलं. बिल्डरला जमीन द्यायची की नाही यावरून भांडण झालं होतं, एकाला द्यायची होती, एकाला नाही. भिंत घातली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद. लग्नकार्यात दोघं असले तर एकजण आधीच जेवून निघून जायचा.

त्या म्हणाल्या, भांडणाच्या आधीची जोडणी असेल, राहून गेली असेल. पण मला शंका आली. आता प्रत्येक टीव्हीला सेट-टॉप बॉक्स लागतो, बॉक्स चालू नसेल तर नुसत्या वायरीनं काही दिसत नाही. मी गल्लीच्या केबल ऑफिसला फोन लावला, अण्णांचं नाव-पत्ता सांगितला. तिथली मुलगी म्हणाली, त्या नावावर दोन बॉक्स आहेत आणि दोन्ही चालू आहेत. मोठा भाऊ दर महिन्याला स्वतः येऊन दोन्ही चालू करून जायचा, आता मुलगी ऑनलाइन करते, बिल दोन्हींचं एकच येतं. फोन स्पीकरवर होता. बॉक्स कधी दिले, मी विचारलं. ती सांगायला लागली तेव्हाच ताईंनी हिशोब केला असणार, कारण त्या मधेच वळून आतल्या खोलीत गेल्या. बॉक्स आले तेव्हा भिंत होऊन वर्ष झालं होतं.

मी खाली उतरून दारात थांबलो. त्या कॉटशेजारी उभ्या होत्या.

"अण्णा, पलीकडं आपली लाइन आहे. भाऊ आता ती कापतील. कापली की आपलं चालू होईल."

अण्णांचा डावा हात उचलला गेला आणि कॉटच्या कडेवर आपटला. घशातून आवाज आला. तो शब्द नव्हता, पण नाही म्हणतायत हे कुणालाही समजलं असतं.

"तुमच्यासाठीच चाललंय सगळं," ताई म्हणाल्या.

पुन्हा हात आपटला.

ताईंनी त्यांचा हात धरून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं मला त्यांच्या दाराकडं बघू दिलं नाहीत तुम्ही. दिवाळीला काकूनं भिंतीवरून डबा दिला तर परत करायला लावलात."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. पाणी कानाकडं ओघळलं, ते पुसायचा हात उजवा होता, तो हलला नाही. ताईंनीच पदरानं पुसलं.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कापायला एक मिनिट लागलं असतं. पक्कड माझ्या खिशात होती. सोमवारचं ताईंचं काम, माझं काम, दोन्ही तिथंच निभावलं असतं. पण त्या माणसानं आदल्या दिवशी मला नमस्कार केला होता. मी उस्तादांना परत फोन केला आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कापून रेंज आणणारे लई आहेत. तू मोजून आण."

त्यांनी सांगितलं ते असं. जिथं वायर घरात शिरते तिथंच लाइनीचे दोन भाग कर, एक सरळ मॉडेमला दे, मधे कुठंही थांबवू नकोस. दुसऱ्यावर दोन्ही घरांचे टीव्ही राहू देत, टीव्हीला थोडकं पुरतं. पण पलीकडच्या घरात जाऊन बघावं लागेल. एखादं टोक उघडं असलं, नुसत्या पिळलेल्या तारा असल्या, तर तिथून बाहेरचा कचरा लाइनीत शिरणार आणि तुझा मॉडेम परत पडणार. पलीकडचं नीट झाल्याशिवाय अलीकडचं टिकणार नाही.

ताईंना मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येणार नाही. तुम्ही जा. कुणी पाठवलं विचारलं तर केबलवाला म्हणा." मग मी वळल्यावर म्हणाल्या, "कापू नका पण."

गल्लीला वळसा घालून मी पलीकडच्या दारात गेलो. काका एकटेच होते. मुलगा-सून रावेतला फ्लॅट घेऊन गेलेले, काकू त्यांच्याकडं. डोक्याला टोपी, अंगात बंडी, समोर टीव्हीवर कसल्या तरी कीर्तनाचं चित्र मुंग्या आल्यासारखं हलत होतं. माझ्या कमरेची पिशवी आणि मीटर बघून ते उठले आणि टीव्ही बंद केला.

"कापाया आलाय व्हय?" ते म्हणाले. "काप बाबा. मला ठावं व्हतं, आज ना उद्या कापत्यालच. पोरीचा काय दोष न्हाई."

मी म्हटलं, काका, कापायला नाही. वायर तपासायचीय.

त्यांना पटायला वेळ लागला. मी टीव्हीमागं वाकलो तर तिथं अजून एक जोड होता. मधली तार तारेला पिळलेली, जाळी जाळीला, वरून चिकटपट्टी. तीही जुनी होऊन सुटलेली. एक फाटा मुलाच्या खोलीत जात होता. तिथला टीव्ही रावेतला गेला होता आणि वायरीचं टोक कपाटामागं तसंच उघडं पडलं होतं. असा जोड केबलवाला देत नाही. मी विचारलं, हे कुणी केलं?

"म्याच."

इतकं खराब दिसत असताना केबलवाल्याला का बोलावलं नाही, मी विचारलं. काका कॉटवर बसले.

"बोलावला आस्ता तर तक्रार कुणाच्या नावानं गेली आस्ती? त्याच्या. मग त्याला वाटलं आस्तं, मी मागतोय. आन म्या इचारलं आस्तं तर त्याला हो म्हनावं लागलं आस्तं, न्हाईतर न्हाई म्हनावं लागलं आस्तं. त्यापरीस मुंग्या बऱ्या."

मी मान खाली घालून काम करत राहिलो. पिळलेल्या तारा कापून दोन्ही टोकांना कनेक्टर दाबले. मुलाच्या खोलीचा फाटा मुळापासून काढला, जिथं उघडं तोंड राहत होतं तिथं टोपण बसवलं. टीव्ही लावून बघितला. चित्र स्वच्छ आलं. काका टीव्हीकडं बघत नव्हते.

"खातोय का नीट?" त्यांनी विचारलं.

पातळ खातात, मी म्हटलं.

"हात?"

डावा हलतो.

"दवाखान्यात व्हता तवा दोनदा जाऊन आलो. खालच्या गेटापातुर. वर गेलो न्हाई." मग त्यांनी विचारलं, हे आत्ताच कसं काढलं तपासायचं. मी सांगितलं. ताईंचं काम, सोमवार, दहा ते सात, एकदा तुटली तर माफ. सांगावं की नाही मला कळत नव्हतं, दोन घरांच्या मधे पडलेल्या माणसाचं काय होतं ते मी गावाकडं बघितलेलं आहे. पण न सांगता निघणंही जमलं नाही.

परत येऊन अलीकडची जोडणी केली. संध्याकाळी चारला मॉडेमचं पान उघडलं, सगळ्या जागा बघितल्या. जाणाऱ्याचा जोर निम्म्यावर आला होता. दिवा स्थिर. मी तासभर तिथंच बसून राहिलो, काही झालं नाही. निघताना अण्णांच्या कॉटपाशी गेलो आणि म्हटलं, हात हलतो का विचारत होते. अण्णांनी भिंतीकडं तोंड वळवलं आणि तसेच राहिले. ताई दारात होत्या. त्यांनी ऐकलं.

शनिवार-रविवार लाइन टिकली. सोमवारी मी मागून आळंदी-चऱ्होलीकडचीच कामं घेतली. ताई शिफ्टमध्ये बोलू शकणार नव्हत्या, म्हणून ठरलं होतं, तुटली तर नुसता मिस्ड कॉल. सव्वाअकराला मी आळंदीत एका धर्मशाळेच्या गच्चीवर वायर ओढत होतो, तेव्हा तो आला.

पंधरा मिनिटांत पोचलो. लाइन आपोआप परत जुळली होती. ताई कानाला हेडफोन लावून हळू आवाजात कुणाला तरी गाडीचा नंबर विचारत होत्या. मला बघून त्यांनी एक बोट वर केलं. एकदा. आता माफी संपली होती. त्यांचा दुसरा हात टेबलाची कड धरून होता.

मी पान उघडलं. जाणाऱ्याचा जोर पुन्हा वरपर्यंत गेलेला. आमच्या बाजूचे सगळे कनेक्टर हातानं चाचपले, घट्ट होते. मग मी गल्लीतून पळत पलीकडं गेलो.

काकांचं दार उघडं होतं. टीव्ही पुढं ओढलेला, बॉक्समधून काढलेली वायर त्यांच्या हातात. तिचं उघडं टोक पंख्याच्या वाऱ्यानं हलत होतं.

"आज तिचा दिस हाय न्हवं," ते म्हणाले. "म्हनलं आपला टीव्ही तिच्या आड नको. मगाशीच काढली."

मी त्यांना सांगितलं, काका, लावलेली असते तेव्हा त्रास नसतो. काढली की तोंड उघडं पडतं आणि तिथून घाण शिरते. मी जमेल तितकं हळू सांगितलं. वायर बॉक्सला परत आवळली.

"म्हंजी म्याच पाडली?"

मी वायर ओढून घट्ट बसली का ते बघितलं.

"पोरीला ठावं हाय?"

ताईंना आता बोलता येत नाही, कामावर आहेत, मी म्हटलं, आणि परत निघालो. मागं चपलांचा आवाज आला. वाटलं, ते देवळाकडं निघाले असतील. पण ते माझ्या मागं मागं गल्लीच्या वळणाला आले, आणि ओटा चढून दारात उभे राहिले. टोपी हातात घेतली होती.

ताईंनी वर बघितलं. आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं. त्यांना वाटलं लाइन परत गेली. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांच्या कानात कुणीतरी बोलत होतं, त्या हो, हो, म्हणत होत्या.

"माझ्यानं झालं, बाई," काका म्हणाले. आवाज इतका बारीक, की हेडफोन घातलेल्या माणसाला ऐकू आला असेल की नाही मला सांगता येणार नाही. ताईंनी फोनवरचं बोलणं थांबवलं नाही. थांबवता येत नव्हतं. समोरच्या माणसाला त्या विचारत होत्या, गाडी कुठं उभी आहे, कुणाला लागलं तर नाही ना. ते विचारत असतानाच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. अण्णांना कुशीवर वळवायची वेळ होऊन गेली होती. त्यांनी हात लांब करून आतली खोली दाखवली.

काका आत गेले.

त्या दिवशी मी त्यानंतर दोनदा येऊन गेलो. पहिल्यांदा आलो तेव्हा काका कॉटशेजारी स्टुलावर बसले होते आणि अण्णा भिंतीला पाठ करून त्यांच्या बाजूला तोंड करून झोपले होते. दुसऱ्यांदा आलो तेव्हा काका चमच्यानं पेज भरवत होते, सांडत होतं, तेच पुसत होते. जेवणाच्या सुट्टीत ताई आणि ते काय बोलले, बोलले की नाही, मला माहीत नाही. मी तेव्हा खांबावर होतो.

सातच्या आधी मी परत येऊन दारात बसलो होतो. सातला ताईंनी हेडफोन काढला. कानावर लाल वळ उठले होते. लाइन परत तुटली नव्हती. आतली खोली त्यांनी बघितली, अण्णा झोपलेले, उशाला पाण्याचा पेला झाकून ठेवलेला. त्यांनी मला विचारलं, "कधी गेले?" मी म्हटलं, आत्ताच, पाच मिनिटं झाली असतील. त्या ओट्यापर्यंत गेल्या, थोडा वेळ तिथं उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

ऑफिसचं गुरुवारी कळलं. घरून काम मंजूर झालं होतं. मी भोसरीत एका घरी शिडीवर होतो, तेव्हा ताईंचा फोन आला. मला काय बोलावं सुचेना, तुमचे उपकार झाले असं काहीतरी उलटंच मी बोललो, कारण त्यांनी ती तक्रार टाकली नव्हती हेच माझ्या डोक्यात होतं. त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"रागावू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी पलीकडं सांगून आले."